फ्लेअर, टाक्या, गळती आणि पाइपलाइन: एका ड्रोनमध्ये भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. गॅस प्रक्रिया प्रकल्पात तुम्ही देखभाल आणि तपासणी बघता. एक फ्लेअर (जादा गॅस जाळून टाकणारी उंच चिमणी), अकरा टाक्या, चाळीसेक किलोमीटर पाइपलाइन. वरून निरोप आलाय की एक चांगला ड्रोन घ्या, म्हणजे स्कॅफोल्डिंग (परांची), रोप ॲक्सेस (दोरावर लटकून तपासणी) आणि गळती शोधत फिरणारी माणसं, तिन्हींचा खर्च वाचेल. आणि तुम्ही विचारताय, कोणता घेऊ?

मॉडेलचं नाव सांगायला मला एक मिनिट लागेल, पण त्यानं तुमचं काम होणार नाही. तुम्ही एका प्रश्नात चार कामं घातली आहेत आणि त्या चारांना वेगवेगळे सेन्सर लागतात, काही ठिकाणी तर उडणारं यंत्रच वेगळं लागतं. खरा प्रश्न असा आहे की ड्रोननं आणलेल्या माहितीवर तुम्ही कोणता निर्णय घेणार? फ्लेअरची टिप (गॅस जळतो ते वरचं टोक) बदलायची की नाही? टाकी उघडायची की पुढच्या वर्षावर ढकलायची? निर्णय ठरला की सेन्सर ठरतो, सेन्सर ठरला की तो पेलणारा ड्रोन आपोआप समोर येतो. बहुतेक ठिकाणी हे उलट्या क्रमानं होतं आणि दीड वर्षानं ड्रोन कपाटात दिसतो.

मी आधी नऊ वर्षं दोरावर लटकून तपासण्या केल्या, नंतर ड्रोनच्या पथकांबरोबर. त्यामुळे दोन्हीकडचा थोडा थोडा पक्षपात माझ्यात आहे, तो धरून वाचा. आणि बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: तुमचा गॅस गोड की आंबट (म्हणजे त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड आहे का), धोक्याच्या झोनचा नकाशा कसा आहे, वारा किती, विमानतळ किती जवळ, तुमच्याकडचे हवाई नियम नजरेपलीकडे उडवू देतात का. हे मला माहीत नाही, म्हणून जिथे उत्तर त्यावर फिरतं तिथे तसं म्हणेन.

सुरुवात फ्लेअरपासून करतो, कारण ड्रोननं या उद्योगात पैसे कुठे वसूल केले असतील तर ते इथे. फ्लेअरची टिप बघायची तर पूर्वी प्रकल्प बंद व्हायची वाट बघावी लागे, किंवा जमिनीवरून दुर्बिणीनं अंदाज बांधावा लागे. टिपला तडा आहे का, ज्योत सतत पेटती ठेवणारे पायलट बर्नर जागेवर आहेत का, वाऱ्याचं कवच वाकलंय का, हे शटडाउनमध्ये वर चढल्यावर कळायचं. आणि तेव्हा कळून उपयोग काय? टिप काही दुकानातून उचलून आणायची वस्तू नाही, मागणी दिल्यापासून हातात पडेपर्यंत महिने जातात. म्हणजे दोष दिसायचा, पण दुरुस्ती पुढच्या शटडाउनला. ड्रोन चालू फ्लेअर बघू शकतो. त्यामुळे शटडाउनच्या कितीतरी आधी तुम्हाला कळतं की पूर्ण टिप मागवायची की एका पायलट बर्नरची थर्मोकपल (तापमान मोजणारी) लाइन बदलून भागेल. वाचलेल्या स्कॅफोल्डिंगपेक्षा हा फायदा मोठा आहे, पण खर्चाच्या तक्त्यात तो कुणी मांडत नाही.

चालू फ्लेअरजवळ उडताना ज्वाळेपेक्षा मला भीती वाटते ती ज्वाळेच्या वर न दिसणाऱ्या गरम हवेच्या झोताची, आणि त्याहून जास्त अचानक होणाऱ्या डिप्रेशरायझिंगची (युनिटमधला दाब सोडून देण्याची). छोटीशी पायलटची ज्योत बघत तुम्ही टिपपासून वीस मीटरवर तरंगत असता, तेवढ्यात एखादं युनिट ट्रिप होतं (आपोआप बंद पडतं) आणि सगळा गॅस फ्लेअरला येतो. म्हणून आमचा एक माणूस उड्डाणभर कंट्रोल रूममध्ये बोर्ड ऑपरेटरच्या शेजारी बसतो. फ्लेअर हेडरचा (फ्लेअरला गॅस आणणाऱ्या मुख्य पाइपचा) प्रवाह वाढायला लागला की त्यानं वॉकीटॉकीवर एकच शब्द म्हणायचा: "मागे." कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. ड्रोन उडवणाऱ्यानं तो ठरलेल्या दिशेनं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बाहेर काढायचा. आजवर हा शब्द मी दोनदा ऐकलाय. दुसऱ्या वेळी काही झालं नाही, पहिल्या वेळी आम्ही निघाल्यानंतर काही सेकंदांत ज्वाळा तिप्पट झाली होती.

कॅमेऱ्याबद्दल एक हिशेब स्वतः करून बघा, विक्रेत्यावर सोडू नका. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ३५ मिलिमीटरची लेन्स, पिक्सेलचा आकार ४.४ मायक्रॉन. वीस मीटरवरून एका पिक्सेलमध्ये पृष्ठभागाचे अडीच मिलिमीटर येतात. तडा ओळखायला तो काही पिक्सेल रुंद दिसावा लागतो, आणि थकव्यानं पडलेला तडा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असू शकतो. म्हणजे या लेन्सनं वाकलेलं कवच दिसेल, जळून गेलेला बर्नर दिसेल, तडा दिसणार नाही. त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी, आणि ती आली की हलणाऱ्या ड्रोनवर चित्र धूसर व्हायचा धोका वाढतो. "आमच्या ड्रोनला सगळं दिसतं" असं कुणी म्हणालं, तर किती अंतरावरून, किती मिलिमीटरचं, एवढंच विचारा.

आता सेफ्टीवाले हमखास काढतात तो मुद्दा, आणि ते बरोबर असतात. बाजारातले जवळजवळ सगळे ड्रोन स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित नसतात. मोटर ब्रशलेस आहे म्हणून ठिणगी पडत नाही, असं विक्रेते सांगतात. मोटरचं ठीक आहे, पण लिथियमची बॅटरी, तापलेले कंट्रोलर, पात्यांवर साठणारा स्थिर विद्युतभार, आणि शेवटी स्टीलवर आपटून फुटलेला ड्रोन, यांचं काय? त्यामुळे मी ड्रोनला सरळ ठिणगीचा स्रोत मानतो आणि हॉट वर्कच्या (ठिणगी उडू शकणाऱ्या कामाच्या) पर्मिटसारखं वागवतो. झोन १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या कामातही स्फोटक गॅस असू शकतो तिथे, नाही. झोन २ च्या (जिथे असा गॅस क्वचितच येतो) आसपास गॅस टेस्ट करून, आणि ड्रोनवरच गॅस डिटेक्टर लावून. मिथेनची खालची स्फोटक मर्यादा हवेत ५ टक्के, म्हणजे ५०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). तिच्या १० टक्क्यांवर, म्हणजे ५,००० पीपीएमवर, अलार्म आणि परत. प्रोपेनची मर्यादा साधारण २ टक्के आहे आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. तुमच्या टाक्यांत एलपीजी किंवा कंडेन्सेट (गॅसमधून निघालेलं हलकं द्रव) असेल तर टाकीभोवतीच्या बांधाच्या आत खाली उतरून फोटो काढायचा मोह टाळा. पडलेला ड्रोन आणायला आत माणूस पाठवायचा असेल तर त्याचंही पर्मिट आधी तयार ठेवा. हे हमखास विसरलं जातं.

टाक्यांच्या बाबतीत "माणूस आत जाणं बंद" हा प्रचार अर्धाच खरा आहे. पिंजऱ्यात बसवलेले, भिंतीला टेकले तरी न पडणारे ड्रोन २०१६ च्या सुमारास बाजारात आले. स्वित्झर्लंडच्या फ्लायएबिलिटीचा एलिऑस त्यातला सर्वांत परिचित, २०२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत लायडारही (लेझरनं अंतर मोजणारं यंत्र) आहे. आत जीपीएस मिळत नाही, अंधार असतो, एका बॅटरीवर साधारण दहाच मिनिटं मिळतात, तरी छताच्या आतला भाग, राफ्टर (छताच्या तुळया), वरच्या वेल्ड यांसाठी हे यंत्र उत्तम आहे. तेवढ्यासाठी टाकीच्या आत मनोराभर स्कॅफोल्डिंग बांधायचं वाचतं, आणि स्कॅफोल्डिंग बांधणारी माणसंही बंदिस्त जागेत काम करणारी माणसंच असतात, हे आपण मोजत नाही.

पण टाकीचा जीव तिच्या तळाच्या प्लेटमध्ये असतो. गंज बहुतेकदा खालून, मातीच्या बाजूनं खातो. ते शोधायला चुंबकीय फ्लक्सची (स्टीलमधून चुंबकीय क्षेत्र कुठे गळतं ते बघणारी) स्कॅनिंग गाडी तळावर फिरवावी लागते, आणि त्याआधी गाळ काढून टाकी साफ करावी लागते. हे ड्रोन करत नाही. त्यामुळे एपीआय ६५३ या टाक्यांच्या तपासणीच्या मानकाप्रमाणे आतली तपासणी करायची असेल तर टाकी उघडणारच, माणूस आत जाणारच. फक्त उंचीवर जाणार नाही. हा फरक वरिष्ठांना आत्ताच सांगा, नंतर सांगणं अवघड जातं.

एक बारीक गोष्ट: टाकी नीट साफ नसेल तर पात्यांच्या वाऱ्यानं गंजाची भुकटी उडते आणि दिव्याच्या प्रकाशात सगळा पडदा पांढरा होतो. मी एकदा पाच बॅटऱ्या जाळून हिवाळ्यातल्या धुक्यासारखं चित्रीकरण घेऊन परत आलोय.

बाहेरून टाकी बघताना साधा थर्मल कॅमेरा छान कामाला येतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पत्रा, द्रव आणि गाळ वेगवेगळ्या वेगानं थंड होतात, त्यामुळे आतली पातळी आणि कधी कधी गाळाची रेघही बाहेरून दिसते. पण चकचकीत ॲल्युमिनिअमच्या क्लॅडिंगवर (बाहेरच्या आवरणाच्या पत्र्यावर) तापमानाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो पत्रा स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, आरशासारखी आभाळाची उष्णता परत दाखवतो. गरम पाइप कॅमेऱ्यात थंडगार दिसतो.

आता गळती. इथे जरा थांबतो, कारण ड्रोनचा वापर सध्या सर्वांत वेगानं वाढतोय तो इथे आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत. वाढीचं कारण उघड आहे. वीस वर्षांच्या काळात मोजलं तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो, आणि नियम आता अंदाजावर नाही तर प्रत्यक्ष मोजणीवर बोट ठेवू लागलेत. युरोपीय संघाचा मिथेनचा नियम ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं डिसेंबर २०२३ च्या नियमात ताशी १०० किलो किंवा जास्त मिथेन सोडणाऱ्या ठिकाणांना वेगळी वर्गवारी दिली. ओजीएमपी २.० या मिथेन-मोजणीच्या ऐच्छिक चौकटीत सर्वांत वरची पायरी गाठायची तर एकेका उपकरणाची बेरीज आणि पूर्ण जागेवरून केलेली मोजणी जुळवून दाखवावी लागते. ही दुसरी मोजणी करायला ड्रोन सोयीचा पडतो.

पहिला गैरसमज: "थर्मल कॅमेरा आहे ना, गॅस दिसेल." दिसणार नाही. ड्रोनवर मिळणारा साधा थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतो. मिथेन ठळकपणे शोषतो ते ३.३ मायक्रॉनच्या आसपास, आणि त्यासाठी ३.२ ते ३.४ मायक्रॉनचा फिल्टर असलेला, डिटेक्टर थंड ठेवणारा वेगळा कॅमेरा लागतो. तो जड असतो, महाग असतो, आणि त्यालाही मागची पार्श्वभूमी गॅसपेक्षा वेगळ्या तापमानाची लागते. ढगाळ, सपाट हवेत चांगली मोठी गळती त्यात विरघळून जाते.

दुसरा प्रकार लेझरचा. ड्रोन खाली १.६५ मायक्रॉनचा किरण सोडतो, तो जमिनीवरून परतून येतो आणि वाटेत किती मिथेन लागला ते मोजतो. हा आकडा पीपीएम नसतो, पीपीएम-मीटर असतो. म्हणजे घनता गुणिले किरणाची वाट. इथे भलेभले फसतात. हवेत मुळातच सुमारे १.९ पीपीएम मिथेन असतो. ड्रोन १५ मीटरवर असेल तर गळती नसतानाही २९ च्या आसपास आकडा येतो. ४० मीटरवर गेला तर ७६. आणि १० सेंटिमीटर जाडीचा, ५०० पीपीएमचा गॅसचा खरा ढग किती भर घालतो? फक्त ५०. म्हणजे उंची बदलल्यानं पडणारा फरक आणि खरी गळती एकमेकींसारख्या दिसतात.

एका जागी आमच्या नकाशावर कुंपणाच्या कडेनं लांबलचक लाल पट्टा आला. दोघांना हातातला डिटेक्टर घेऊन पाठवलं, दिवसभर ते झुडपांतून फिरले, काही मिळालं नाही. संध्याकाळी मी उड्डाणाची नोंद उघडली तेव्हा लक्षात आलं की त्या कडेला जमीन घळीत उतरत होती. ड्रोन उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली उंची इमानेइतबारे धरून सरळ गेला होता, खालची जमीन निघून गेली होती. लाल पट्टा म्हणजे घळीचा नकाशा होता. तेव्हापासून जमिनीनुसार उंची बदलणारं उड्डाण असेल आणि प्रत्येक आकड्याशेजारी अंतराची नोंद असेल, तरच मी लेझरचा अहवाल उघडतो. पाणी साचलेल्या जागेवरून किरण नीट परतत नाही, तिथले आकडे सरळ गाळा.

तिसरा प्रकार हवा हुंगणाऱ्या सेन्सरचा. तो पात्यांच्या खाली लावला तर पात्यांचा वारा गॅस उधळून लावतो, म्हणून तो लांब दांडीवर किंवा पात्यांच्या वरून हवा ओढणाऱ्या नळीवर हवा. किती गळतंय याचा आकडा पाहिजे असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला पडदा विणल्यासारखं वर-खाली उडतात आणि घनतेला वाऱ्याच्या वेगानं गुणतात. त्या गुणाकारात वारा जितका चुकीचा, उत्तर तितकंच चुकीचं. प्रत्यक्ष वारा ३ मीटर प्रति सेकंद आणि तुम्ही २ धरलात, तर गळती एक तृतीयांश कमी दिसणार. वारा लांबच्या हवामान केंद्रावरून उचलू नका, जागेवर मोजा. आणि वारा अगदी पडलेला असेल त्या दिवशी घरी जा.

आणि हे सगळं करून ड्रोन सांगतो काय, तर "या कॉम्प्रेसर शेडच्या ईशान्य कोपऱ्यात काहीतरी आहे." कोणता फ्लँज (पाइपांचा जोड), कोणत्या व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीचं सील), ते शोधायला हातात कॅमेरा घेतलेला माणूसच लागतो. गळती शोधणाऱ्या तुमच्या माणसांना काढू नका. त्यांचं फिरणं कमी होईल आणि नेमकं होईल.

जाडी मोजणारे, भिंतीला टेकून अल्ट्रासोनिक प्रोब लावणारे ड्रोनही आता आहेत. उंच स्टॅकवर (चिमणीवर), जिथे दहा-वीस ठरलेल्या जागांचीच जाडी हवी, तिथे वापरा. फक्त रंगाचं बघा. ध्वनी स्टीलमध्ये सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो, रंगात त्याच्या निम्म्याहूनही कमी. साध्या पद्धतीनं मोजलं तर ०.३ मिलिमीटरचा रंग तुम्हाला ०.७ मिलिमीटर जास्तीचं स्टील दाखवतो, आणि गंजानं खाल्लेली भिंत कागदावर धडधाकट होते. रंग वगळून प्रतिध्वनी ते प्रतिध्वनी (लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींमधला वेळ) मोजणारा प्रोब आहे का, हे लेखी घ्या.

पाइपलाइनचं उत्तर छोटं आहे. चार पंख्यांचा ड्रोन चाळीस किलोमीटरला पुरत नाही. सरळ वर उठून पंखांवर उडणारा प्रकार लागतो, आणि नजरेपलीकडे उडवायची परवानगी लागते. ती मिळत नसेल तर विषय तिथेच संपला. कल्पना नवीन नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत (समुद्रावर नव्हे) जमिनीवर व्यावसायिक ड्रोन उड्डाणाची पहिली परवानगी मिळाली, ती अलास्कातल्या प्रूडो बे तेलक्षेत्रावर बीपीच्या कामासाठीच होती. तुमच्या मार्गावर खरा धोका कुणीतरी परस्पर खणण्याचा असेल, तर महिन्यातून एकदा उडणारा ड्रोन तो पकडणार नाही, जेसीबी एका सकाळीत काम उरकतो.

सुरक्षा विभागाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदी अरेबियातल्या अबकैक आणि खुरैस या तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला, दिवसाला ५७ लाख बॅरल उत्पादन थांबलं. तेव्हापासून आभाळात घरघर ऐकली की सुरक्षावाल्यांचा हात कुठे जातो ते मी पाहिलंय. तुमच्याकडे जॅमर (ड्रोनचे सिग्नल अडवणारं यंत्र) असेल आणि त्यांना उड्डाणाची वेळ माहीत नसेल, तर तुमचाच ड्रोन तुमच्याच माणसांकडून पडेल.

उडवण्यापेक्षा जास्त दिवस जातात ते माहिती लावण्यात. माझ्या पहिल्या मोठ्या कामात आम्ही अठराशे फोटो दिले. सुंदर फोटो. प्रकल्पाच्या इंजिनिअरनं एक उचलून विचारलं, "हा तडा उत्तरेच्या पायलटवर की दक्षिणेच्या?" आमच्यात कुणालाच सांगता आलं नाही. आता प्रत्येक फोटोला उपकरणाचा टॅग, दिशा आणि उंची लागल्याशिवाय मी पथकाला जागा सोडू देत नाही, आणि उड्डाणाचा मार्ग जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच बिंदूवरून तोच फोटो घेऊन तडा वाढला का ते कळतं.

म्हणजे विकत की भाड्यानं? तुमच्या यादीवरून माझं मत असं. फ्लेअर, टाकीचा आतला भाग आणि जाडीची मोजणी बाहेरच्या पथकाकडून करून घ्या. ही कामं वर्षात मोजक्या वेळा येतात आणि यंत्रं लवकर जुनी होतात. टाक्यांची छतं, पाइप रॅकचा वरचा भाग, पावसानंतरची पाहणी यांसाठी एक साधा, चांगल्या झूमचा ड्रोन स्वतःकडे ठेवा, तो दर आठवड्याला उडेल. उडवायला बाहेरून पायलट घेण्यापेक्षा तुमच्या तपासनिसांपैकी दोघांना उडवायला शिकवा. गंज ओळखायला वर्षं लागतात, ड्रोन काही आठवड्यांत हातात बसतो. पण उड्डाणाला दोघं हवेतच: एकाची नजर ड्रोनवर, दुसऱ्याची पडद्यावर. आणि स्टीलच्या जाळीवरून उडवायला सुरुवात करू नका, होकायंत्र बिघडून ड्रोन भलतीकडे सरकतो.

बाहेरचं पथक निवडताना त्यांच्याकडून दोन जुने अहवाल मागा, ग्राहकाचं नाव झाकून चालेल. एकात ड्रोननं दाखवलेला दोष नंतर शटडाउनमध्ये हातानं पडताळलेला असावा. दुसऱ्यात ड्रोनचं निदान चुकलेलं असावं. दुसरा अहवाल आमच्याकडे नाहीच, असं जे म्हणतात त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

फ्लेअरची उंची आणि पुढच्या शटडाउनची तारीख कळवलीत, तर टिपची पाहणी किती महिने आधी उरकायला हवी त्याचा हिशेब मांडून देतो.